गोव्यातील ख्रिस्ती लग्नाला स्लिप ड्रेस घालायचा असेल तर: पाहुणीसाठी मार्गदर्शन

मी पहिला स्लिप ड्रेस घरी आणला तेव्हा आईने तो हँगरवर पाहून विचारले, "हे आतले झाले, वरचे कुठे आहे?" तिच्या लेखी तो शमीज होता, आणि ती चुकली नव्हती. या पोशाखाचे नावच मुळात आतल्या वस्त्रावरून पडलेले आहे. खांद्यावर दोन बारीक पट्टे, अंगावरून निसटत गेल्यासारखे सुळसुळीत कापड, कंबरेला चुण्या नाहीत, जरीकाम नाही, काठ नाही. साडीच्या निऱ्यांत जशी एखादी चूक दडवता येते तशी इथे काहीच दडवता येत नाही, त्यामुळे दिसायला सर्वांत कमी असलेल्या या कपड्याला तयारी मात्र सर्वांत जास्त लागते.

हे लिहिण्याचे कारण असे की पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना कधी ना कधी गोव्याच्या एखाद्या सहकाऱ्याच्या लग्नाचे आमंत्रण येते. पहिल्या खेपेला मी मडगावच्या एका लग्नाला गेले आणि करता येण्याजोग्या जवळपास सगळ्या चुका केल्या. पुढच्या तीन लग्नांत त्या एकेक करून सुधारल्या. एकच गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवावी: हा पोशाख दुपारी चर्चमध्ये शोभला पाहिजे आणि त्याच रात्री नाचताना टिकला पाहिजे. पुढचे सगळे निर्णय या दोन अटींवरून ठरतात.

१. आधी पत्रिका नीट वाचावी

गोव्यातील कॅथलिक लग्नाच्या पत्रिकेत बहुधा दोन वेळा आणि दोन ठिकाणे असतात. दुपारी चर्चमधला विवाहविधी आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, आणि संध्याकाळी सभागृहात किंवा हिरवळीवर स्वागतसमारंभ. मधल्या काळात कपडे बदलायला खोलीवर जाता येईल की नाही, हे यजमानांना आधीच विचारून घ्यावे, कारण न बदलता दोन्हीकडे जायचे असेल तर वरून घ्यायचे वस्त्र हा पोशाखाचाच भाग ठरतो.

घरच्यांशी जवळीक असेल तर लग्नाच्या आधी होणाऱ्या 'रोस' विधीलाही बोलावणे येते. त्यात वधूला किंवा वराला नारळाचे दूध आणि तेल लावून न्हाऊ घालतात, आणि उत्साह वाढला की आजूबाजूचेही त्यातून सुटत नाहीत. आपल्याकडच्या हळदीसारखेच समजा. तिथे सॅटिनचे काहीही नेऊ नये. धुवायला सोपा सुती कुडता पुरे.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात आणि नाताळच्या आधीच्या आठवड्यांत कॅथलिक कुटुंबे लग्न सहसा टाळतात. म्हणून नाताळ सरल्यावरचा काळ आणि ईस्टरनंतर पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस लग्नांनी भरलेले असतात. जानेवारीतल्या संध्याकाळी रेशीम सुखद वाटते. मे महिन्यातल्या दमटपणात चुकीचे कापड घातले तर मिस्सा अर्धी होण्याआधीच पाठ भिजलेली असते.

२. रंग: इथे सर्वाधिक फसगत होते

दुकानांत आणि संकेतस्थळांवर स्लिप ड्रेस सर्वाधिक दिसतो तो मोतिया, हस्तिदंती किंवा 'शॅम्पेन' रंगात. नेमके हेच रंग ख्रिस्ती लग्नात पाहुणीने टाळायचे आहेत. पांढरा आणि त्याच्या सगळ्या छटा वधूच्या. त्यातही स्लिप ड्रेसच्या बाबतीत हा नियम अधिक कडक समजावा, कारण हा पोशाख स्वतःच वधूवेष म्हणून मान्यता पावलेला आहे. सप्टेंबर १९९६ मध्ये कॅरोलिन बेसेट यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्याशी विवाह केला तेव्हा नार्सिसो रॉड्रिगेझ यांनी बेतलेला असाच साधा, पांढरा, रेशमी पोशाख घातला होता आणि तेव्हापासून असंख्य वधूंनी तो कित्ता गिरवला आहे.

माझा पहिला ड्रेस शॅम्पेन रंगाचा होता. पडद्यावर तो सोनेरी दिसत होता. चर्चच्या अंगणातल्या उन्हात तो सरळ पांढरा दिसला. वधूच्या एका मावशीने हसतमुखाने "तू वधूच्या करवल्यांपैकी का?" असे विचारले, आणि त्या प्रश्नातला सौम्य इशारा मला पुरेसा कळला.

करवल्यांचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. वधूच्या सख्या एकाच रंगाचे पोशाख घालतात, आणि हल्ली ते बरेचदा फिकट सॅटिनचेच असतात. त्यांचा रंग कोणता, हे वधूला किंवा तिच्या बहिणीला थेट विचारावे. यात संकोच करण्यासारखे काही नाही. काळा रंग शहरी तरुण मंडळींत चालतो, परंतु गोव्यातल्या जुन्या कुटुंबांत तो दुखवट्याचा मानला जातो आणि घरातल्या वयस्कर बायकांच्या नजरेला खटकतो. तांबडाही जपून घ्यावा, कारण वधूचा 'साडो', म्हणजे तिचा परंपरेने शिवला जाणारा वेष, लाल असतो.

मग उरते काय? पुष्कळ. मोरपंखी, अंजिरी, गर्द जांभळा, बाटलीसारखा हिरवा, मोहरीसारखा पिवळा, विटकरी. सावळ्या आणि गव्हाळ वर्णावर हे रंग सॅटिनमध्ये फार खुलतात आणि त्यांचा व्यावहारिक फायदाही आहे. करड्या, आकाशी आणि फिकट गुलाबी सॅटिनवर घामाचा ठिपका दुरून दिसतो. गडद रंगात किंवा बारीक छपाईत तो लपतो.

३. कापड ओळखायला शिकावे

'सॅटिन' हे धाग्याचे नाव नसून विणीचे नाव आहे, ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. रेशमाचेही सॅटिन असते, व्हिस्कोजचेही आणि पॉलिएस्टरचेही. वर्णनात नुसते 'सॅटिन' किंवा 'सिल्की' लिहिले असेल तर ते पॉलिएस्टर समजून चालावे. शंका असेल तर आतल्या शिवणीतून निघालेला एखादा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा: रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि त्याची राख बोटांत चुरते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

रेशमाचे वजन 'मॉमी' या एककात सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. १६ मॉमीचे कापड पोशाखासाठी पातळ पडते आणि त्यातून आतले सगळे उमटते. १९ ते २२ मॉमीचे घ्यावे. पॉलिएस्टरला कमी लेखण्याचे कारण नाही. ते पाण्याच्या थेंबाने डागाळत नाही आणि खिशाला परवडते. मात्र त्यातून हवा जात नाही, म्हणून मे महिन्यातल्या लग्नासाठी मी ते सुचवणार नाही. व्हिस्कोज दोघांच्या मध्ये बसते: थंड असते, पडतेही सुंदर, परंतु धुतल्यावर आटते. व्हिस्कोजचे कापड घेऊन शिवून घेणार असाल तर आधी पाण्यातून काढूनच शिंप्याकडे द्यावे.

४. उरेप म्हणजे काय, आणि माप कसे पाहावे

घरातला एखादा सुती हातरुमाल घ्यावा आणि त्याच्या दोन शेजारच्या टोकांना धरून ओढावा. तो ताणत नाही. आता समोरासमोरची, म्हणजे तिरपी टोके धरून ओढावा. तो रबरासारखा लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. ताण्या-बाण्याशी ४५ अंशांचा कोन करून कापलेले कापड असेच वागते, आणि याच कापणीला आपले शिंपी 'उरेप' म्हणतात. पॅरिसच्या पोशाखकार मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत संपूर्ण पोशाख असे उरेप कापून दाखवले. आजच्या स्लिप ड्रेसचे ते अंगावरून ओघळणे तिथूनच आले आहे.

स्वस्तातले बरेच ड्रेस कापड वाचवण्यासाठी सरळ कापलेले असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: नितंबाच्या ठिकाणी कापड दोन्ही हातांनी आडवे हलके ओढून पाहावे. उरेप असेल तर ते हळूच सैल होते. सरळ कापलेले असेल तर जागचे हलत नाही आणि बसल्यावर पोटावर आडव्या चुण्या पडतात.

माप घेताना छाती, कंबर आणि नितंब या तिन्हींतले सर्वांत भरलेले माप धरून ड्रेस निवडावा आणि उरलेला भाग शिंप्याकडून आत घ्यावा. घट्ट स्लिप ड्रेसने माणूस बारीक दिसत नाही. उलट मांड्यांच्या वर मांजराच्या मिशांसारख्या आडव्या रेषा उमटतात. घालून पाहताना नुसते आरशासमोर उभे राहणे व्यर्थ आहे. पुढील गोष्टी करून पाहाव्यात: खुर्चीवर बसावे, दोन्ही हात वर करावेत, गुडघे टेकावेत, आणि बुटक्या आजीला मिठी मारण्यासाठी वाकावे. शेवटची गोष्ट विनोदाने सांगत नाही. व्यासपीठावर वधूवरांचे अभिनंदन करायला रांग लागते, वाटेत घरातल्या ज्येष्ठ मंडळींशी गळाभेट होते, आणि गळ्यापाशी घोळ असलेला ड्रेस त्या क्षणी नको तितका पुढे येतो.

५. शिंप्याकडे किमान तीन आठवडे आधी जावे

शिवून घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचे सुमारे साडेतीन मीटर कापड धरावे. उरेप कापणीत तिरपे तुकडे वाया जातात, म्हणून शिंप्याने जास्त मागितले तर तो फसवतो आहे असे समजू नये. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर आणि मुंबईत मंगळदास मार्केटमध्ये हात लावून, उजेडात धरून कापड निवडता येते.

तयार ड्रेसमध्येही दोन दुरुस्त्या जवळजवळ नेहमीच कराव्या लागतात. एक, पट्टे आखूड करणे. पट्टे लांब असले की गळाही खाली येतो आणि काखेपाशी फट पडते. दोन, खालची कड.

कडेबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते, कारण माझा दुसरा ड्रेस तिथेच बिघडला. उरेप कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि सगळीकडे सारखे उतरत नाही. म्हणून कड घालण्याआधी ड्रेस किमान एक दिवस आणि एक रात्र टांगून ठेवावा लागतो. त्यानंतर ज्या चपला घालणार त्या पायात घालून, कोणाकडून तरी जमिनीपासून पट्टीने मोजून खुणा करून घ्याव्यात. घाईत असलेला शिंपी हे टाळतो आणि साडीला करतात तसे पिको करून देतो. उरेप कापडावर पिको केले की कड ताणली जाऊन कोबीच्या पानासारखी लाटालाटांची होते. माझ्या ड्रेसची तशीच झाली, आणि ती उसवून सरळ करताना दोन इंच लांबी गेली. शिंप्याला स्पष्ट सांगावे: पिको नको, बारीक दुमडून हातशिलाई हवी, आणि कड घालण्याआधी टांगून ठेवा.

लांबी घोट्याच्या वर दोन-तीन इंच असावी. जमिनीला टेकणारी कड नाचताना दुसऱ्याच्या टाचेखाली येते.

६. आतले कपडे आणि फ्लॅशची परीक्षा

आतले कपडे बिनशिवणीचे आणि त्वचेच्या रंगाचे असावेत. पांढरे नकोत, कारण पातळ कापडाखाली पांढरा त्वचेपेक्षा अधिक उठून दिसतो. पाठ उघडी असेल तर चिकटणारे सिलिकॉनचे कप मिळतात, परंतु घाम आला की ते सुटतात. दमट हवेत शिंप्याकडून ड्रेसच्या आतच कप शिवून घेणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे. कापड पातळ असेल तर आत अस्तर न लावता वेगळा गुडघ्यापर्यंतचा सुळसुळीत परकर घालावा; सरळ कापलेले अस्तर उरेप कापडाला बांधून ठेवते आणि त्याचे पडणेच हरवते.

सगळे घालून झाल्यावर खोलीतला दिवा मंद करून कोणाला तरी फ्लॅशसह पुढून, मागून आणि बाजूने छायाचित्र काढायला सांगावे. आरसा जे लपवतो ते फ्लॅश दाखवतो. लग्नाच्या अल्बममध्ये ते कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

७. चर्चमध्ये खांदे झाकलेले असावेत

चर्चमध्ये उघडे खांदे आणि उघडी पाठ चालत नाही असे धरूनच जावे. पहिल्या लग्नात दाराशी एका अनोळखी आजींनी स्वतःच्या पिशवीतली लोकरी शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली होती. त्यांचा हेतू प्रेमळ होता, पण मे महिना होता.

माझ्या मते सर्वांत उत्तम आवरण म्हणजे ऑर्गंझाचे किंवा चंदेरीचे, लांब बाह्यांचे, पुढून उघडे जॅकेट. ते घसरत नाही, हात मोकळे राहतात, आणि समारंभात काढून खुर्चीला अडकवता येते. ओढणी किंवा स्टोल घेणार असाल तर खांद्यावर आतून छोट्या सेफ्टी पिनेने ड्रेसच्या अंगाला नव्हे, तर पट्ट्याला टाचावा. सॅटिनच्या अंगावर पिन टोचली की धागा ओढला जाऊन उभी रेघ पडते आणि ती कधीच जात नाही. पैठणीची भरजरी ओढणी मी एकदा वापरून पाहिली. ती सुंदर होती, पण ड्रेस तिच्याखाली अस्तरासारखा दिसला.

मिस्सेत लोक उभे राहतात, बसतात, गुडघे टेकतात. इतरांबरोबर उभे राहावे आणि बसावे. गुडघे टेकायचे नसतील तर शांत बसून राहिले तरी चालते. प्रसाद घ्यायला रांग लागते तेव्हा आपण जागेवरच थांबावे, कारण तो कॅथलिकांसाठीच असतो. ड्रेसला चीर असेल तर ती गुडघ्याच्या खाली असावी, हे इथे बसल्यावर पटते.

८. दागिने, केस आणि पायात काय

इथे आपल्या घरातल्या डब्याचा उपयोग होतो. सॅटिनच्या चमकेला मोत्याची मंद चमक जितकी साथ देते तितकी दुसरे काही देत नाही. मोत्यांची कुडी आणि केस मागे बांधलेले, एवढ्यावर मी दोन लग्ने निभावली आहेत. गळा खोल असेल तर तन्मणी शोभतो, मात्र कुडी आणि तन्मणी एकत्र घालून वर बांगड्याही चढवल्या की साडी विसरल्यासारखे वाटते. आखूड मंगळसूत्र घातले तरी बिघडत नाही. खडे किंवा टोकदार कडा असलेली ब्रेसलेट घालू नयेत. चालताना हात मांडीला घासतो आणि धागे निघतात.

पायात रुंद टाचेचे सँडल घालावेत. हिरवळीवर बारीक टाच मातीत रुतते, आणि गोव्याच्या लग्नात पाहुणी नुसती बसून राहत नाही. बँड वाजू लागतो, वधूवरांचा पहिला नाच होतो, ग्रँड मार्चमध्ये सगळ्यांना रांगेत ओढले जाते, आणि मग वॉल्ट्झ, जाइव्ह आणि कोंकणी गाणी रात्री उशिरापर्यंत चालतात. पट्टा असलेले सँडल घरात आठवडाभर घालून मऊ करून घ्यावेत.

९. काय काय बरोबर न्यावे आणि कसे

एका छोट्या पिशवीत इतके असावे: कपड्याला चिकटवण्याची दुहेरी टेप, चार लहान सेफ्टी पिना, ड्रेसच्या रंगाचा दोरा ओवलेली सुई, मलमलचा एक रुमाल, घाम टिपायचे कागद, घडी होणाऱ्या सपाट चपला, आणि आतून शिवलेला पट्टा निघालाच तर जादा पट्टा. पत्रिकेचे छायाचित्र फोनमध्ये ठेवावे. एकाच गावात सारख्या नावांची दोन सभागृहे असू शकतात.

ड्रेस घडी घालून नेऊ नये. जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर पसरून, दोन्ही मिळून सैलसर गुंडाळी करावी आणि बॅगेत सर्वांत वर ठेवावी. पोहोचताच तो टांगावा. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दार लावून वाफेत थोडा वेळ ठेवला की बऱ्याच सुरकुत्या जातात. इस्त्री करावीच लागली तर उलट्या बाजूने, मंद आचेवर, मधे मलमल ठेवून. रेशमावर पाणी शिंपडू नये, कारण थेंबांचे डाग पडतात. हॉटेलच्या इस्त्रीवर विश्वास ठेवण्याआधी ती रुमालावर फिरवून पाहावी.

१०. घालण्याचा क्रम

आधी अत्तर आणि घामरोधक लावावे आणि ते पूर्ण वाळू द्यावे. मग केस, मग चेहरा, मग ड्रेस, आणि शेवटी दागिने. ड्रेस डोक्यावरून घालताना ओठांवर मलमलचा रुमाल धरावा, म्हणजे गळ्याला लाली लागत नाही. ड्रेस घातल्यावर अत्तर फवारू नये.

टोस्टच्या वेळी, म्हणजे वधूवरांना शुभेच्छा देत पेले उंचावताना, वाइन सांडली तर चोळू नये. कोरड्या कापडाने टिपावे आणि जॅकेट त्या बाजूला ओढून घ्यावे.

११. परत आल्यावर

घाम रेशमाचा रंग खातो, म्हणून ड्रेस तसाच कपाटात ठेवू नये. गडद रंगाचा रेशमी ड्रेस पहिल्यांदा ड्रायक्लीनला द्यावा; नंतर रिठ्याच्या गार पाण्यात हाताने, न पिळता धुऊन सावलीत सपाट वाळवता येतो. वाळल्यावर तो हँगरवर महिनोन्महिने टांगून ठेवू नये. उरेप कापड उतरतच राहते, आणि पुढच्या लग्नाला काढाल तेव्हा कड एका बाजूने इंचभर खाली आलेली असते. मी माझे दोन्ही ड्रेस मलमलमध्ये गुंडाळून, आईच्या पैठणीच्या शेजारी ठेवते.